ईडिपसचा 'दोष' नक्की कुठला?

पारिजात: सोफोक्लीसच्या 'ईडिपस राजा' या ग्रीक नाटकावरच्या कालच्या लेखात पुन्हा तेच: 'गर्व हा ईडिपसचा दोष, म्हणून त्याचा नाश.' अहो, पोटचा मुलगा तुला मारेल हे भाकीत त्याच्या बापाला, लायस राजाला, मिळालं तेव्हा हे पोर जन्मलंही नव्हतं! 'दोष' म्हणून ज्याचं भाषांतर होतं, तो ॲरिस्टॉटलचा हामार्तिया हा शब्द नेम चुकण्यावरून आलाय. ॲरिस्टॉटल 'काव्यशास्त्रा'च्या तेराव्या प्रकरणात स्पष्ट सांगतो, माणूस दुष्टपणाने नाही, चुकीने कोसळतो. इथली चूक एकच, आपले आईबाप कोण हे ठाऊक नसणं.

दगडफूल: मग तिठ्यावर काय झालं? रथातल्या म्हाताऱ्याने, म्हणजे लायसनेच, डोक्यात पराणी हाणली, याने त्याला आणि त्याच्या माणसांना लोळवलं. तेही 'बापाला मारशील, आईशी लग्न करशील' हे डेल्फीच्या देवळात ऐकल्यानंतर! त्यानंतर वडिलांच्या वयाच्या माणसावर हात टाकायचा? हा स्वभावच आहे.

पारिजात: त्याला वाढवणारा पॉलिबस राजाच त्याच्या लेखी बाप, आणि तो कोरिंथमध्ये होता, म्हणूनच तर तिकडे पाठ फिरवून निघाला होता. आगळीकही आधी समोरच्यांची. ईडिपसच्या म्हातारपणावरच्या, कोलोनसच्या नाटकात तो स्वतः हेच बजावतो. नाटक नीट वाचा. खून जुना आहे, रंगमंचावर घडतो तो खुन्याचा शोध.

दगडफूल: वाचलंय, शिकवू नका. आंधळा द्रष्टा तिरेसियस बोलायला तयार नसतो, बायको (आणि खरी आई) योकास्ता थांब म्हणून विनवते, त्याला तान्हेपणी दुसऱ्याकडे सोपवणारा मेंढपाळ हातापाया पडतो. हा म्हाताऱ्या मेंढपाळाचे हात पिरगळायला लावतो. शोध कोणाच्या स्वभावाने पुढे सरकला?

बखर: दोषावरून भांडताय, खरी कमाल पात्रांची खरी ओळख पटण्यात आहे. एस्किलस या दुसऱ्या नाटककाराची इलेक्ट्रा केसांची बट आणि पाऊलखुणांवरून भाऊ ओरेस्टिसला ओळखते. ॲरिस्टॉटल खुणेवरची ओळख सगळ्यांत खालच्या दर्जाची मानतो. युरिपिडीस या नाटककाराने तर तिचे वाभाडेच काढले. त्याची इलेक्ट्रा विचारते, बहीणभावाचे पाय एकाच मापाचे कसे असतील?

पारिजात: चुकलात. ॲरिस्टॉटल एस्किलसचा तो प्रसंग तर्काच्या ओळखीत घालतो: माझ्यासारखा कोणीतरी आलाय, माझ्यासारखा फक्त ओरेस्टिस, म्हणजे तोच आलाय. सोळावं प्रकरण. आणि ज्या युरिपिडीसचं कौतुक करताय, त्याच्याकडे शेवटी भुवईजवळचा व्रणच कामाला येतो.

बखर: तर्काचं मान्य, माझंच चुकलं. पण ईडिपसच्या घोट्यांवरचे, तान्हेपणी टोचल्याचे व्रणही खूणच ना?

पारिजात: खूण आहे, पण ओळख त्यावर तोललेली नाही. कोरिंथचा निरोप्या पॉलिबस मेल्याची बातमी आणतो. आईशी लग्न होण्याची भीती घालवायला म्हणून सांगतो, तो तुझा बाप नव्हताच. दिलासा द्यायला उच्चारलेलं वाक्यच घात करतं. ओळख आणि नशिबाची उलथापालथ एकाच क्षणी, म्हणून ॲरिस्टॉटल याला सर्वोत्तम म्हणतो.

दगडफूल: रचनेबाबत तुमचं बरोबर, हे मला मान्य करावंच लागेल. स्वभावाबाबत नाही. सुरुवातीलाच तो म्हणतो, लायससाठी मी माझ्याच बापासाठी लढावं तसा लढेन. प्रेक्षकांना कथा माहीत, त्यांच्या अंगावर काटा येतो. हा आवेश वजा केला तर ते वाक्य त्याच्या तोंडी शोभणारच नाही.

पारिजात: आवेश मान्य. दोष नाही.

बखर: आणि योकास्ता? निरोप्याच्या बोलण्यातच तिला सगळं कळतं. ती थांबवते, तर ईडिपसला वाटतं, मी हलक्या कुळातला निघेन याची हिला लाज वाटतेय. पुढे ती म्हणते, तू कोण आहेस हे तुला कधीच न कळो. आणि आत निघून जाते.