मदत हवी आहे: 'सोवेत्स्की सोयुझ'च्या चिलखताचा आकडा किती धरावा?

नमस्कार मंडळी,

आमचा छोटा गट दुसऱ्या महायुद्धातल्या सागरी लढाया पटावर खेळतो. नियम आणि जहाजांचे तक्ते आम्हीच बनवतो. जर्मन बिस्मार्क, अमेरिकन आयोवा, जपानी यामातो या युद्धनौकांचे तक्ते झाले. अडलंय ते सोव्हिएत 'प्रकल्प २३'पाशी, म्हणजे सोवेत्स्की सोयुझ वर्गाच्या युद्धनौकांपाशी, कारण या वर्गातलं एकही जहाज पुरं झालं नाही.

सोवेत्स्की सोयुझ जुलै १९३८ मध्ये लेनिनग्राडला बांधायला घेतलं, सोवेत्स्काया उक्राइना त्याच वर्षी निकोलायेव्हला. पुढे मोलोटोव्स्कला आणखी दोन. जर्मन आक्रमणानंतर जुलै १९४१ मध्ये काम थांबलं तेव्हा सोयुझ जेमतेम पाचवा हिस्सा झालं होतं. उक्राइनाचा सांगाडा ऑगस्टमध्ये जर्मनांच्या हाती पडला.

कागदावर मात्र जहाज जबरदस्त आहे. ५९,१५० टन प्रमाणित वजन, तीन टरेटमध्ये (फिरत्या तोफबुरुजांत) ४०६ मिमीच्या नऊ तोफा, २८ नॉट (ताशी सागरी मैल) वेग, आणि बाजूचा चिलखती पट्टा ३७५ ते ४२० मिमी. बिस्मार्कचा पट्टा ३२० मिमी, यामातोचा ४१०. हे आकडे जसेच्या तसे घेतले तर पटावर सोयुझला कोणी हात लावू शकत नाही, आणि ते मला अजिबात पटत नाही. वरचा थर कार्बन मुरवून कठीण केलेले पत्रे सोव्हिएत कारखान्यांना २३० मिमीच्या पुढे जमत नव्हते, त्यामुळे पट्ट्यासाठी हलक्या दर्जाचे पत्रे स्वीकारावे लागले.

तर जाणकारांना विचारायचंय: सरसकट काही टक्के जाडी कमी करावी का? आणि याला बिस्मार्कसमोर उभं करणं योग्य आहे का?

प्रतिसाद

चांगला प्रश्न. जाडी कमी करू नका. ते जाड पत्रे ठिसूळ निघत, बरेचसे तपासणीतच नापास होत. म्हणजे एक पत्रा उत्तम आणि शेजारचा तडकणारा, असा प्रकार. सरसकट वजाबाकीने हे दिसणार नाही. पट्ट्यावर गोळा आदळला की फासा टाका. वाईट आकडा आला तर तो पत्रा २३० मिमीचाच धरा. मोलोटोव्स्कच्या सोवेत्स्काया बेलोरुसियाचं काम तर ऑक्टोबर १९४० मध्ये रद्द झालं, त्यामागे हजारो निकृष्ट रिवेट हे मोठं कारण होतं. दर्जाची अडचण फक्त चिलखतापुरती नव्हती.

तोफांचे आकडे मात्र बिनधास्त पूर्ण घ्या. त्या तोफेची लेनिनग्राडजवळच्या र्झेव्हका चाचणी-मैदानावर एकेरी माउंटवर (एकाच तोफेच्या बैठकीवर) खरोखर चाचणी झाली, आणि लेनिनग्राडच्या जर्मन वेढ्याच्या काळात तिने जर्मन ठाण्यांवर गोळे टाकले. १,१०८ किलोचा गोळा, पल्ला ४५ किमीच्या आसपास. या वर्गातला लढाईत उतरलेला भाग तो एवढाच.

वेगाबद्दल मी सावध राहीन. २८ नॉटसाठी पंखे फिरवणाऱ्या तीन दांड्यांवर मिळून २,०१,००० अश्वशक्ती हवी होती. टर्बाइनचा आराखडा स्विस होता आणि बहुतेक जहाजांसाठी ती खारकोव्हला बनायची होती. मी २७ धरेन.

बिस्मार्कसमोर उभं करू नका. ते मे १९४१ मध्येच बुडालं, आणि युद्ध झालंच नसतं तरी सोयुझ त्या वर्षी समुद्रात उतरलं नसतं. खरा जोड आयोवा. तिचा पट्टा ३०७ मिमीचाच, पण वेग ३३ नॉट, गोळा १,२२५ किलोचा, आणि रडारवर चालणारी नेमबाजी. रात्री किंवा धुक्यात सोयुझची नेमबाजी निम्म्यावर आणा.

मूळ धागाकर्ता

मनापासून आभार. फाशाचा नियम आजच लिहून काढतो. आता एकच अडलंय: पाण्याखालचं संरक्षण इटालियन पुलिएसे पद्धतीचं (टॉर्पेडोचा स्फोट आतल्या पोकळ नळकांड्यात जिरवणारं) होतं, आणि इटलीच्या टारांटो बंदरात तेच संरक्षण असलेलं इटालियन युद्धजहाज लिटोरिओ नोव्हेंबर १९४० मध्ये तीन टॉर्पेडो खाऊन नाकाकडून बसलं, पण काही महिन्यांत पुन्हा सेवेत आलं. सोयुझला टॉर्पेडोविरुद्ध लिटोरिओएवढेच गुण द्यावेत का?