हेमी कुडा आणि फेरारी: लिलावात एवढी तफावत का?

प्रश्न: १९७१ च्या हेमी कुडा (प्लिमथची अमेरिकी गाडी, 'हेमी' हे तिचं ताकदवान इंजिन) कन्व्हर्टिबल, म्हणजे उघडणाऱ्या छताच्या, ११च बनल्या, फेरारी २५० जीटीओ ही शर्यतीची गाडी ३६. तरी २०१४ मध्ये कुडा ३५ लाख डॉलरला गेली, २०१८ मध्ये जीटीओ ४.८४ कोटी डॉलरला. दुर्मीळ तर कुडाच ना?

उत्तर: नुसत्या संख्येवर जाऊ नका. जीटीओमागे शर्यतींचा इतिहास आहे, प्रत्येक चासीच्या (गाडीच्या सांगाड्याच्या) मालकांची साखळी कागदावर सापडते. कुडाची तीच बॉडी साध्या ३१८ घन इंची इंजिनासहही मिळायची, म्हणून नकली हेमी बनवणं सोपं.

उत्तर: खरी हेमी ओळखायची तर आधी व्हीआयएनचं (गाडीच्या ओळख क्रमांकाचं) पाचवं अक्षर बघा, 'आर' हवं. मग इंजिनाच्या ब्लॉकवरचा (मुख्य ओतीव भागावरचा) शिक्का आणि ब्रॉडकास्ट शीट (कारखान्यातली गाडीच्या जोडणीची यादी) जुळवा. फेंडर टॅग (गाडीचे कोड असलेली धातूची पट्टी) नवा बनवून मिळतो, एकट्या त्यावर विसंबू नका.

प्रश्नकर्ता: ब्लॉक बदललेला निघाला तर?

उत्तर: मूळ इंजिनाचा भाव देऊ नका.