मदत हवी आहे : सासऱ्यांच्या आयसीडीची वायर तुटली, वकील म्हणतात 'प्रीएम्प्शन'मुळे केस उभी राहणार नाही (अमेरिका, इलिनॉय)

नमस्कार. थोडं सविस्तर लिहिते आहे, कारण तपशील कळल्याशिवाय जाणकारांना नेमका सल्ला देता येणार नाही.

आम्ही शिकागोजवळ राहतो. सासरे, म्हणजे अप्पा, आमच्याकडेच असतात. ग्रीन कार्ड आहे, विमा आहे. हृदयाचे ठोके मधेच बिघडतात म्हणून काही वर्षांपूर्वी त्यांना इथेच आयसीडी बसवलं. गळ्याच्या हाडाखाली कातडीच्या आत एक डबी, आणि तिथून शिरेतून थेट हृदयात गेलेली वायर. तिला इथे लीड म्हणतात. ठोका जीवघेणा झाला तर डबीने झटका देऊन तो ताळ्यावर आणायचा.

गेल्या हिवाळ्यात अप्पा टेबलाशी मटार सोलत बसले होते आणि एकदम किंचाळले. झटका बसला होता. सावरतात न सावरतात तोच दुसरा, मग पुन्हा, पुन्हा. पूर्ण शुद्धीवर असताना. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत त्यांचा हात धरून बसण्यापलीकडे आम्हाला काही करता आलं नाही. हॉस्पिटलात यंत्रातली नोंद काढली. डॉक्टरांनी कागदी पट्टीवर बोट ठेवून दाखवलं : एका ओळीत ठोके अगदी नियमित, आणि दुसरीत नुसती दाट खरखर. वायर आतून तुटली होती. तुटक्या टोकांतून आलेली खरखर यंत्राला हृदयाचा बिघाड वाटली आणि ते धडधाकट चाललेल्या हृदयाला झटके देत राहिलं.

जुनी वायर शिरेला चिकटलेली असते, ती लेसर वापरून सोडवावी लागली. ऑपरेशन जोखमीचं होतं. अप्पा त्यातून निभावले, नवी वायर बसली. पण आता ते रात्री दिवा बंद करू देत नाहीत आणि एकटे जिना चढत नाहीत. डॉक्टरांची काही चूक नाही, त्यांच्यावर आम्हाला काही करायचं नाही. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

दोन वकिलांना भेटलो. दोघांचं उत्तर एकच : "या वायरीला एफडीएचं पीएमए आहे. रीगलच्या निकालानंतर अशा केसेस आम्ही घेत नाही." (एफडीए म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणं तपासणारी अमेरिकन सरकारी संस्था, आणि पीएमए म्हणजे तिने कसून तपासून दिलेली मंजुरी.) त्यानंतर मी मिळेल ते वाचते आहे. मला समजलं ते असं. १९७६ मध्ये अमेरिकन संसदेने वैद्यकीय उपकरणांचा कायदा केला. एफडीएने ठरवलेल्या अटींपेक्षा वेगळी किंवा जादा अट राज्यांनी उपकरणांवर लादायची नाही, असं त्यात एक कलम आहे. २००८ मध्ये रीगलच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने आठ विरुद्ध एक मतांनी ठरवलं की ज्युरीने दिलेली नुकसानभरपाई हीसुद्धा राज्याने लादलेली अटच. म्हणजे एफडीएने कसून तपासून मंजुरी दिलेल्या उपकरणाविरुद्ध राज्याच्या कायद्याखालचे बहुतेक दावे बाद. केंद्राच्या कायद्याने राज्याचा कायदा असा अडवणं म्हणजेच प्रीएम्प्शन. एकट्या न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांचं मत विरोधात होतं.

मग आमच्यासारख्यांनी जायचं कुठे? केंद्राच्या त्या कायद्यात रुग्णाला स्वतः दावा लावायची सोय नाही. राज्याचा दावा केंद्राच्या कायद्याने अडवायचा आणि केंद्राकडे दारच ठेवायचं नाही, हे मला अजिबात पटत नाही. यातून खरंच काही वाट आहे का? कुठले कागद गोळा करू? आणि मुदत किती असते? कुणी यातून गेलं असेल तर कृपया लिहा.

प्रतिसाद :

ताई, वाचून फार वाईट वाटलं. मी वकील नाही, पण इथल्या एका लॉ फर्ममध्ये पॅरालीगल (वकिलांची मदतनीस) म्हणून काम करते, त्यामुळे अशा फायली हाताखालून जातात.

तुम्ही बरोबर वाचलंय, पण दार पूर्ण बंद नाही, एक फट आहे. रीगलच्या निकालातच कोर्टाने म्हटलंय की राज्याचा दावा एफडीएच्या अटींना समांतर असेल, म्हणजे कंपनीने एफडीएने घातलेलीच अट मोडली आणि त्यामुळे इजा झाली असं म्हणणं असेल, तर तो चालतो. त्यामुळे "वायरीचं डिझाइनच चुकीचं होतं" असं म्हणून उपयोग नाही, डिझाइनला मंजुरी आहे. "मंजूर डिझाइनप्रमाणे ही वायर बनवलीच नाही" असं म्हणता आलं तर गोष्ट वेगळी.

तुम्ही इलिनॉयमध्ये आहात हे त्यातल्या त्यात बरं. तिथे केंद्राच्या कोर्टांपैकी सातव्या सर्किटचं, म्हणजे विभागाचं, अपील कोर्ट लागतं आणि त्याने २०१० मध्ये बॉश विरुद्ध स्ट्रायकर या खटल्यात असा दावा पुढे जाऊ दिला. खुब्याचा सांधा बसवलेल्या बाईंची केस होती. त्यांच्या ऑपरेशनच्या सहाच दिवस आधी एफडीएने कंपनीला उत्पादनातल्या त्रुटींबद्दल पत्र पाठवलं होतं. कोर्टाने असंही मानलं की उत्पादनाची गोपनीय कागदपत्रं कंपनीकडे आणि एफडीएकडे असतात, तेव्हा नेमका कुठला नियम मोडला हे रुग्णाने पहिल्याच दिवशी सांगावं ही अपेक्षा रास्त नाही. याउलट त्याच वर्षी आठव्या सर्किटने, मिनेसोटाच्या बाजूला, मेडट्रॉनिक कंपनीच्या स्प्रिंट फिडेलिस या आयसीडीच्या वायरींचे दावे फेटाळले. त्या वायरी २००७ मध्ये बाजारातून मागे घेतल्या होत्या, तरीही.

आणखी एक. "कंपनीने बिघाडांच्या तक्रारी एफडीएला कळवल्या नाहीत" हा मुद्दा नवव्या सर्किटने २०१३ मध्ये ॲरिझोनाच्या केसमध्ये मान्य केला, पण इलिनॉय राज्याच्या स्वतःच्या अपील कोर्टाने २०१७ मध्ये नाकारला. तेव्हा फक्त त्यावर विसंबू नका.

मुदत : इलिनॉयमध्ये शारीरिक इजेच्या दाव्याला दोन वर्षं. ती कधीपासून मोजायची यावर वाद होतात, म्हणून झटके बसले तो दिवसच धरून चाला.

प्रतिसाद :

मी उपकरणं बनवणाऱ्या कंपन्यांत क्वालिटीचं काम केलंय. सगळ्यात आधी एकच विचारतो : काढलेली वायर आत्ता कुठे आहे?

मुळात काय बिघडलं हे त्या तुकड्यावरच कळतं. तार कुठे तुटली, घासून तुटली की वाकून थकली, वरचं आवरण कुठे फाटलं, हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं. बरीच हॉस्पिटलं अशी वायर काही काळाने टाकून देतात किंवा तपासणीसाठी कंपनीलाच परत पाठवतात. एकदा कंपनीने ती कापून तपासली की तुमच्या हाती फक्त त्यांचा अहवाल उरतो.

इम्प्लांट कार्डावर मॉडेल आणि सीरियल नंबर असेल. त्यावरून एफडीएच्या साइटवर रिकॉल, म्हणजे माल मागे घेतल्याची नोंद, आहे का बघा. एफडीएच्याच मॉड (MAUDE) नावाच्या माहितीसाठ्यात त्याच मॉडेलचे बिघाडाचे अहवाल शोधा. कंपनीच्या कारखान्याला एफडीएकडून वॉर्निंग लेटर गेलंय का तेही बघा, ती पत्रं सगळ्यांना वाचता येतात. तुमची वायर ज्या सुमारास बनली त्या सुमाराचं पत्र सापडलं तर वकील तुमचं बोलणं वेगळ्या कानाने ऐकेल.

प्रतिसाद :

पुण्याहून लिहितोय. माझ्या काकूला डीप्यू कंपनीचा एएसआर नावाचा कृत्रिम खुबा बसवला होता, म्हणून हा विषय तेव्हा खोलात वाचला होता. तो खुबा कंपनीने २०१० मध्ये जगभरातून मागे घेतला आणि २०१३ मध्ये अमेरिकेतल्या रुग्णांसाठी सुमारे अडीच अब्ज डॉलरची तडजोड केली. तिथे हे प्रीएम्प्शन आड आलं नाही, कारण अमेरिकेत तो खुबा ५१०-के या सोप्या वाटेने आला होता : "बाजारात आधीच असलेल्या उपकरणासारखाच आहे" एवढं दाखवायचं. अशा उपकरणांवर राज्याच्या कायद्याने दावा लावता येतो, हे सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये लोअरच्या खटल्यात सांगितलं होतं. तीही पेसमेकरच्या वायरीचीच केस. म्हणजे कमी तपासलेल्या वस्तूच्या रुग्णाला कोर्टाचं दार उघडं आणि जास्त तपासलेल्याच्या रुग्णाला बंद.

आपल्याकडे असली आडकाठी नव्हती, पण औषध कायद्यात भरपाईची तरतूदही नव्हती. महाराष्ट्राच्या एफडीएने (अन्न व औषध प्रशासनाने) इथे पोलिसांत तक्रार केली होती. केंद्राच्या समितीने भरपाईचं सूत्र ठरवेपर्यंत २०१८ साल उजाडलं. तुम्ही वेळ घालवू नका एवढंच.

धागाकर्ती :

सगळ्यांचे मनापासून आभार. वायरीचा प्रश्न वाचला आणि लगेच हॉस्पिटलला फोन केला. ती पॅथॉलॉजी विभागात डबीत बंद आहे. कंपनीच्या प्रतिनिधीने "फुकट तपासून देतो" म्हणून ती मागितली आहे, पण अजून दिलेली नाही. थांबवायला तोंडी सांगितलं तर चालेल का?

प्रतिसाद :

तोंडी अजिबात नको! आजच लेखी पाठवा. अप्पांच्या सहीने, पॅथॉलॉजी आणि रिस्क मॅनेजमेंट या दोन्ही विभागांना : वायर रुग्णाच्या वतीने जपून ठेवावी, कुणालाही देऊ नये, नष्ट करू नये, तपासू नये. पोच घ्या. स्वतः घरी आणू नका. मधे कुणाकुणाच्या हातात होती यावर पुढे प्रश्न निघतात, म्हणून ती वकिलामार्फत स्वतंत्र प्रयोगशाळेतच जाऊ दे. आणि त्या झटक्यांच्या नोंदीची पूर्ण प्रत डॉक्टरांकडून मागून घ्या, नुसता सारांश नको.

धागाकर्ती :

पत्र पाठवलं, दोन्ही विभागांची पोच आली. इम्प्लांट कार्ड अप्पांच्या पासपोर्टच्या पाकिटात सापडलं, सीरियल नंबर स्पष्ट आहे. वॉर्निंग लेटर शोधते आहे.

आता एवढीच विनंती : इलिनॉयमध्ये पीएमए उपकरणांच्या उत्पादनदोषाच्या केसेस प्रत्यक्ष लढवलेले वकील कुणाला माहीत असतील तर कृपया व्यनि (खाजगी निरोप) करा. रिकॉल झालेल्या मालाच्या घाऊक केसेस घेणारे नकोत. पहिल्या भेटीत सगळे कागद घेऊन जायची तयारी आहे, अप्पाही यायला तयार आहेत.