मदत हवी आहे: पेंटॅक्स के१०००, निकॉन एफएम१० की कॅनन एई-१ प्रोग्राम? रोल न घालता दुकानात काय तपासू?

मृण्मयी

३५ मिमी फिल्मवर फोटोग्राफी शिकायची आहे. डिजिटलवर मॅन्युअल मोड व्यवस्थित जमतो, फिल्म मात्र अजून वापरलेली नाही. बजेट लेन्ससकट १५ हजार. ठाण्यात राहते, त्यामुळे फोर्टला बोरा बाजारात जाऊन वस्तू हातात घेऊन पाहता येईल. सध्या तीन कॅमेरे समोर आहेत:

पेंटॅक्स के१०००, सोबत ५० मिमी एफ/२. विकणारा म्हणतो, उजेड मोजणारं मीटर बंद, बाकी सगळं ओके.
निकॉन एफएम१०, सोबत त्याचीच ३५-७० झूम. दिसायला अगदी नवा.
कॅनन एई-१ प्रोग्राम, ५० मिमी एफ/१.८. शटर दाबलं की बारीक किंचाळल्यासारखा आवाज येतो.

यातला कुठला घ्यावा? दुकानात पाच-दहा मिनिटांत काय काय तपासता येईल? आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागू नये म्हणून काय करायचं?

जुना_शटर

मृण्मयीताई, आधी तिन्हींबद्दल थोडक्यात.

एई-१ प्रोग्राम १९८१ चा. त्याचं शटर इलेक्ट्रॉनिक आहे. ६ व्होल्टचा ४एलआर४४ सेल संपला की कॅमेरा क्लिकच होत नाही. तो आवाज या मालिकेचा नेहमीचाच आजार आहे. आरशाची गती आवरणाऱ्या छोट्या गिअरचं वंगण सुकलं की तसा आवाज येतो. जाणकार कारागीर योग्य जागी तेलाचा अगदी बारीक थेंब सोडून तो घालवतो. बाहेरून स्प्रे मारून देतो म्हणणाऱ्याला हात लावू देऊ नका, ते तेल शटरच्या पडद्यांवर आणि आरशावर जातं. कॅमेरा वाईट नाही, पण सर्किट गेलं तर दुसरा मेलेला कॅमेरा शोधून त्याचे भाग काढावे लागतात.

एफएम१० हा १९९५ चा, नाव निकॉनचं पण बनवलेला कोसिनाने. शटर पूर्ण मेकॅनिकल, सेल फक्त मीटरला. १/२००० पर्यंत वेग, फ्लॅश जास्तीत जास्त १/१२५ ला. वरचं कव्हर प्लास्टिकचं आहे, लिव्हर जरा पोकळ वाटते, पण शिकायला उत्तम. सोबतची ३५-७० एफ/३.५-४.८ अंधूक आहे. फोकस करताना व्ह्यूफाइंडर काळवंडतो आणि त्याचा खरा त्रास संध्याकाळी होतो. पुढे ५० मिमी एफ/१.८ ची एआय, एआय-एस किंवा एएफ-डी लेन्स घ्या. 'जी' लेन्स घेऊ नका. तिला अ‍ॅपर्चर रिंग नसते, त्यामुळे या बॉडीवर ती कायम सर्वात लहान छिद्रावर अडकते.

के१००० हा १९७६ ते १९९७ एवढा काळ बनत होता. १ सेकंद ते १/१०००, फ्लॅश १/६० ला, सेल्फ टायमर नाही, डेप्थ ऑफ फील्ड प्रीव्ह्यू नाही. इतका साधा असल्यामुळेच तो दुरुस्त होतो. माझं मत त्याच्याच बाजूने आहे, फक्त शटर चांगलं निघालं पाहिजे. मेकॅनिकल कॅमेऱ्यात नावापेक्षा पडदे, आरसा आणि लेन्स बघून पैसे मोजावेत. चांगल्या शटरचा एफएम१० हा खराब शटरच्या के१००० पेक्षा कधीही बरा.

आणि 'मीटर बंद' यावर लगेच विश्वास ठेवू नका. स्वतःचा नवा एलआर४४ किंवा एसआर४४ सेल खिशात घेऊन जा. या कॅमेऱ्यात मीटरला ऑन-ऑफ बटणच नाही. लेन्सवर टोपी नसेल तर मीटर चालूच राहतं आणि सेल उतरतो, म्हणून दुकानात पडून असलेल्या के१००० मधला सेल बहुधा मेलेलाच असतो. खालचं झाकण नाण्याने उघडा. आत पांढरी-हिरवट खार दिसली तर ती जुन्या सेलच्या गळतीची आहे. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये किंचित ओला केलेला इअरबड फिरवून ती निघते, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडं करायचं. सेल घातल्यावर कॅमेरा खिडकीकडून अंधाऱ्या कोपऱ्याकडे वळवा. काटा वर-खाली हलला पाहिजे. मग एकाच भिंतीवर फोनमधल्या मीटर अ‍ॅपशी ताडून पाहा. अर्ध्या स्टॉपचा फरक चालेल (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा उजेड).

काळी_खोली

रोल न घालता करायच्या तपासण्या सांगते. एक लहान टॉर्च आणि सेकंदाला २४० फ्रेमचं स्लो मोशन असलेला फोन सोबत न्या.

मागचं दार उघडा, लेन्स काढा. पडद्यांना बोट लावू नका. सगळ्या वेगांवर क्लिक करून आवाज ऐका: १ सेकंद, १/२, १/४, १/८. मंद वेगांवर आतल्या गिअरची घरघर एकसारखी यायला हवी. मध्येच अडखळली किंवा शेवटी थांबली तर वंगण घट्ट झालेलं आहे. क्लिकनंतर आरसा वरच राहिला तरी कारण बहुधा तेच.

मग फोन मागच्या बाजूने धरून उजळ खिडकीकडे रोखा आणि स्लो मोशनमध्ये शटर टिपा. व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवत, शटर उघडं असलेल्या फ्रेम मोजा. १/३० ला ८ यायला हव्यात, १/१५ ला १६, १/८ ला ३०. मोजताना फिल्मच्या चौकटीतला मधला एकच बिंदू धरा. के१००० चे कापडी पडदे आडवे धावतात. चौकटीत कुठेही उजेड दिसला की मोजायचं असं केलं तर पडद्याच्या प्रवासाचा वेळही धरला जातो आणि चांगलं शटरही मंद वाटतं. १/३० ला ८ ऐवजी १० फ्रेम आल्या तर शटर साधारण एक-तृतीयांश स्टॉप मंद आहे, रंगीत निगेटिव्ह तेवढं सहज पचवते. १४-१५ आल्या तर सर्व्हिसिंगचा खर्च किमतीतून वजा करून मागा.

१/१००० ला फोनचा उपयोग नाही. तिथे कॅमेऱ्याचं मागचं उघडं दार डोळ्यासमोर धरून उजळ आभाळाकडे (सूर्याकडे नव्हे) बघत क्लिक करा. क्षणभर पूर्ण आयत उजळला पाहिजे. एक आखूड बाजू काळी राहत असेल तर दुसरा पडदा पहिल्याला गाठतोय. हीच परीक्षा १/५०० आणि १/२५० लाही घ्या.

पडद्याला बारीक भोकं आहेत का ते बघायला दुकानदाराला दिवा घालवायला सांगा, लेन्सच्या बाजूने टॉर्च मारा, मागून बघा. आता दाराच्या खाचा. वर-खाली दोन लांब खाचा आणि बिजागरीच्या बाजूला एक रुंद पट्टी, तिथला काळा फोम बोटाला डांबरासारखा चिकटला तर तो बदलावाच लागणार. त्यासाठी व्यवहार मोडू नका, हे काम घरी होतं.

लेन्ससाठी: के-माउंटची (के१००० ला बसणारी) लेन्स कॅमेऱ्यावरून काढली की अ‍ॅपर्चरची पाती लावलेल्या आकड्यावर मिटतात. रिंग एफ/१६ वर ठेवा, मागची छोटी दांडी सरकवा, सोडा. पाती झटकन मिटली पाहिजेत. रेंगाळली तर पात्यांवर तेल आलंय. मग दांडी सरकवून छिद्र पूर्ण उघडं ठेवा आणि टॉर्च तिरका धरून आरपार पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे फांद्या फुटलेले धागे ही बुरशी. एकसारखा दुधाळ पडदा म्हणजे हेझ. काठावर इंद्रधनुषी डाग दिसला तर दोन काचांमधला डिंक सुटतोय, त्या लेन्सच्या वाटेला जाऊ नका. धूळ सगळ्यांतच असते. पुढच्या काचेवरचे पुसल्याचे बारीक ओरखडे फारसे त्रास देत नाहीत, मागच्या काचेवरचे देतात.

देवगडकर

बुरशीचं आमच्याकडे कोकणात विचारूच नका, त्यामुळे तेवढंच लिहितो. चामड्याची मूळ पेटी दिसायला कितीही छान असली तरी कॅमेरा तिच्यात ठेवू नका, चामडं ओल धरतं. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, आत सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवा. आर्द्रता ४० ते ५० टक्के राखा. जेलचा रंग बदलला की साधारण १२० अंशांवर ओव्हनमध्ये तापवून पुन्हा वापरता येतं. डब्यात ठेवताना शटर ताणलेलं (लिव्हर ओढून क्लिकसाठी तयार) ठेवू नका आणि दोन-तीन महिने वापर नसेल तर सेल काढा. महिन्यातून एकदा सगळे वेग चालवून पाहा.

बुरशी लागलेली लेन्स स्वस्त मिळते, पण तिने कोटिंग खाल्लं असेल तर साफ केल्यावरही खुणा राहतात. घ्यायचीच तर काठावर एखाददुसरा धागा असलेली घ्या, आणि साफ होईपर्यंत बाकीच्या लेन्सपासून वेगळी ठेवा.

जुना_शटर

के-माउंट लेन्सबद्दल राहिलं होतं. एसएमसी पेंटॅक्स-एम मालिकेतल्या ५० मिमी एफ/१.७ आणि एफ/२, २८ मिमी एफ/२.८, १३५ मिमी एफ/३.५ या चारांत सगळं भागतं. 'ए' मालिकेची लेन्स घेतली तर रिंग 'ए' खुणेवर न ठेवता आकड्यावर ठेवा. रिकोच्या काही लेन्सना एक जादा पिन असते. के१००० ला तिचा त्रास नाही, पण पुढे ती पेंटॅक्सच्या ऑटोफोकस बॉडीवर चढवली तर अडकून बसू शकते.

जुन्या स्क्रूच्या एम४२ लेन्सही लागतात, झेनिट या सोव्हिएत कॅमेऱ्यासोबत येणारी हेलिओस ४४-२ त्यातलीच. के आणि एम४२ दोन्हींचं माउंट ते फिल्म अंतर ४५.४६ मिमी, म्हणून अ‍ॅडॅप्टर माउंटच्या आत बसणारा, बाहेर कडा नसलेला हवा. कडा असलेला स्वस्त अ‍ॅडॅप्टर लेन्सला मिलिमीटरभर पुढे ढकलतो आणि दूरचं दृश्य फोकसमध्येच येत नाही.

मृण्मयी

सगळ्यांचे मनापासून आभार. के१००० घेतला. सेलच्या खाचेत खार होती, साफ केल्यावर मीटर चालू झालं आणि फोनशी जुळतंय. १/३० ला ९ फ्रेम. १/१००० दुकानात ठीक वाटलं होतं. आयएसओ ४०० चा रंगीत रोल धुऊन आला आणि दोन अडचणी दिसल्या. उन्हातल्या पाच-सहा फोटोंत एका आखूड बाजूला उभा काळपट पट्टा आहे, हळूहळू गडद होत जाणारा. आणि काही फोटोंवर नारिंगी झळ. फ्लॅश वापरलेला नाही. लॅबची चूक असेल का?

काळी_खोली

लॅबची वाटत नाही. निगेटिव्ह हातात घेऊन दोन गोष्टी बघा. नारिंगी झळ चौकटीबाहेर, फिल्मच्या कडेच्या भोकांच्या पट्टीपर्यंत पसरली आहे का? पसरली असेल तर उजेड मागच्या दारातून शिरतोय, म्हणजे फोम. चौकटीच्या आतच थांबली असेल तर पडद्याचं भोक किंवा लेन्सवर पडलेलं थेट ऊन.

उभ्या पट्ट्याला कारण शटर. आरसा उशिरा वर गेला असता तर पट्टा लांब बाजूला आला असता. फ्लॅश १/६० च्या वर वापरला तरी असाच उभा पट्टा येतो, पण ते तुम्ही आधीच बाद केलंत. हे फोटो १/१००० किंवा १/५०० चे असणार, ऊन आणि ४०० चा रोल म्हटल्यावर तेच वेग लागतात.

फोम असा बदला: आधी पडद्यांवर कागद झाकून कडेला टेप लावा, कारण चिकट चुरा पडद्यात गेला की नवं दुखणं. जुना फोम लाकडी टूथपिकने खरवडा, उरलेला चिकटपणा आयसोप्रोपिल अल्कोहोलने काढा. लांब खाचांत काळी लोकर बसते. बिजागरीकडे दीड ते दोन मिमीचा मऊ फोम लावा. हस्तकलेचा कडक फोम दाबला जात नाही आणि दार नीट लागत नाही. आरसा वर जाऊन टेकतो तिथला फोमही बघून घ्या, तिथे जाड घातलात तर आरसा पूर्ण वर जाणार नाही.

मृण्मयी

झळ भोकांपर्यंत आहे, म्हणजे फोमच. शटर दुरुस्त होईपर्यंत कॅमेरा वापरू का?

जुना_शटर

वापरा, फक्त १/२५० च्या वर जाऊ नका. आयएसओ २०० चा रोल घाला. कडक उन्हात एफ/१६ ला १/२५० बरोबर बसतं, सावलीत तर प्रश्नच नाही. ४०० चा उरला असेल तर एफ/२२ लावा.

रोल भरताना मागे गुंडाळायची कळ हलकेच फिरवून ढिलाई काढा आणि पुढच्या दोन क्लिकना ती आपोआप फिरतेय का बघा. फिरली नाही तर फिल्म स्पूलवर चढलेलीच नाही, आकडा मात्र पुढे सरकत राहील.

कारागिराकडे देताना '१/१००० ला एक बाजू काळी येते' असं नेमकं सांगा आणि जुनं वंगण काढून पडदे साफ करूनच ताण जुळवायला सांगा. काही जण नुसतीच स्प्रिंग आवळून देतात. काही आठवडे १/१००० बरा दिसतो, आत घट्ट झालेलं वंगण मात्र तसंच असतं, आणि पुढच्या वेळी आवळायला स्प्रिंगमध्ये जागाच उरत नाही. परत घेताना काळी_खोलीताईंची आभाळाची परीक्षा दुकानातच पुन्हा घ्या, तिन्ही वेगांवर.