मदत हवी आहे: ख्रिसमस कॅक्टसला कळ्या धरतात, पण उमलण्याआधीच गळतात (सोलापूर)

नमस्कार मंडळी. ब्रह्मकमळापासून अडेनियमपर्यंतचे सगळे जुने धागे चाळले, ख्रिसमस कॅक्टसवर काही सापडलं नाही. म्हणून हा वेगळा धागा.

झाड पुण्याहून आणलं तेव्हा गडद गुलाबी फुलांनी लगडलेलं होतं. घर जुळे सोलापुरात, दुसऱ्या मजल्यावर. कुंडी मागच्या खोलीत पूर्वेच्या खिडकीत असते, सकाळचं कोवळं ऊन मिळतं. उन्हाळ्यात फाटे मलूल होतात, पावसाळ्यात परत ताठ. म्हणजे तब्येतीची तक्रार नाही.

तक्रार फुलांची आहे. डिसेंबर उजाडला की फाट्याच्या टोकाला गुलाबी ठिपका दिसतो, कळी ज्वारीच्या दाण्याएवढी होते, आणि मग एके सकाळी कळ्या खाली पडलेल्या. जिथून सुटते तिथे ना जखम, ना डाग, सांधा अगदी स्वच्छ. भिंग घेऊन पाहिलं, मावा किंवा पिठ्या ढेकूणही नाही.

विचारायच्या आधीच सांगते: माती नर्सरीतून आली तीच, वर थोडं गांडूळखत. पाणी पिंपात साठवलेलं, ते संपलं की बोअरचं. कुंडीच्या काठावर पांढरा थर जमतो. कळ्या दिसल्या की पाणी वाढवते आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसावं म्हणून कुंडी हॉलमध्ये टीव्हीशेजारी आणून ठेवते. सध्याही ती तिथेच आहे.

इथल्या एका नर्सरीत विचारलं, तर "कॅक्टस आहे, पाणीच घालू नका" म्हणाले. मला ते पटलेलं नाही. सोलापूरच्या हवेत हे झाड फुलतं का? कुणाकडे फुललंय का?

अंगणवेल: पटलं नाही तेच बरं. हा वाळवंटातला निवडुंग नव्हेच. ब्राझीलच्या आग्नेय किनाऱ्यालगतच्या डोंगरात, दमट सावलीत, झाडांच्या खोडांवर आणि कातळाच्या खाचांत हा वाढतो. तुमच्या त्या ब्रह्मकमळाच्याच जातकुळीतला. गंमत म्हणजे मूळ घरी तो मे महिन्याच्या सुमारास फुलतो, कारण तिकडे तेव्हा दिवस लहान होत जातात. आपल्या मे महिन्यात मात्र तो जगला तरी पुष्कळ. फाट्यांच्या कडेचे दाते कसे आहेत? टोकदार असतील तर ट्रंकाटा ही जात, गोलसर असतील तर बकलीआय, म्हणजे इंग्लंडमध्ये 19व्या शतकात केलेला संकर. ट्रंकाटा थोडा आधी फुलतो. निगा दोन्हींची एकच.

धागाकर्ती: टोकदार आहेत, खेकड्याच्या नांगीसारखे.

रानवारा: ट्रंकाटाच. याला फुलायला लांब रात्र लागते. सहा आठवडे रोज 13 तासांच्या आसपास पूर्ण अंधार, मध्ये ट्यूबलाइटही नको. कोजागिरीपासून संध्याकाळी सहाला पुठ्ठ्याचा खोका झाकायचा, सकाळी सातला काढायचा. झालं काम.

मातीमोल: रानवारा, नियम बरोबर आहे, पण या केसला लागू नाही. कळ्या धरतायत म्हणजे अंधार पुरतोय की! डिसेंबरात आपल्याकडे दिवस जेमतेम 11 तासांचा असतो आणि मागच्या खोलीत रात्री दिवाही लागत नसणार. अडचण कळी धरण्यात नाही, टिकण्यात आहे.

ताई, कळी आली की तुम्ही एकदम तीन गोष्टी बदलता: जागा, उजेड आणि पाणी. या झाडाला त्याच काळात बदल सोसत नाही. सांधा स्वच्छ सुटतो म्हणजे झाड स्वतःच कळी टाकून देतंय. किडीला बोल लावू नका. वरची माती बोटाला कोरडी लागली की पाणी, त्याआधी नाही, आणि पार सुकूही द्यायचं नाही. कळ्या आहेत म्हणून जास्तीचं कशाला?

आणि पुण्यापेक्षा इथे उशीर होणारच. कळी धरायला रात्री 15 ते 20 अंश लागतात, आपल्या ऑक्टोबरच्या रात्री त्याहून उबदार. माझ्याकडे फुलं गड्ड्याच्या यात्रेच्या, म्हणजे संक्रांतीच्या सुमाराला येतात. म्हणजे सोलापुरात फुलतं का, तर फुलतं.

अंगणवेल: पांढऱ्या थराबद्दल कुणीच बोललं नाही. ते बोअरच्या पाण्यातले क्षार. महिन्यातून एकदा कुंडीतून भरपूर पाणी आरपार जाऊ द्या, पिंपातलं, बोअरचं नाही. पावसाळ्यात पत्र्यावरून पडणारं पाणी धरून ठेवलंत तर सोन्याहून पिवळं. आरओच्या मशीनमधून वाया जाणारं पाणी मात्र चुकूनही घालू नका. अनेक जण काटकसर म्हणून घालतात, त्यात क्षार आणखी घट्ट झालेले असतात.

फुलं ओसरली की माती बदला: कोकोपीट, पालापाचोळ्याचं खत, परलाइट (हलके पांढरे खडे) किंवा विटेचा बारीक चुरा. कुंडी फार मोठी नको, मुळं जरा दाटीत असली की हे खूश. मे महिन्यात उन्हाची तिरीप नको, फाटे लालसर पडतात. कूलरच्या थेट झोतातही ठेवू नका. गणपती झाले की खत बंद, आणि टोकाची नखाएवढी कोवळी पेरं चिमटून टाका. तयार पेरांवरच कळ्या येतात.

धागाकर्ती: पाण्याचं आणि मातीचं लिहून घेतलं. पण आता नेमकं काय करू? यंदाच्या कळ्या अजून शाबूत आहेत आणि कुंडी टीव्हीशेजारी. परत मागच्या खिडकीत नेऊ का? इथे टीव्हीजवळ फळांची टोपलीही आहे, केळी, चिकू असं काहीबाही.

मातीमोल: अजिबात हलवू नका, गोल फिरवूसुद्धा नका. कळ्या दिसायला लागल्यावर अंधाराचं बंधन राहत नाही, त्यामुळे हॉलमधले दिवे चालतील. टीव्हीजवळ दिवसा वाचता येईल इतका उजेड पडत असला म्हणजे पुरे. टोपली मात्र स्वयंपाकघरात जाऊ दे. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू सुटतो, त्यानेही कळ्या झडतात. पुढच्या वर्षी हॉलमध्येच हवं असेल तर सप्टेंबरातच तिथे आणा आणि रानवारा म्हणतात तसा खोका झाका. तेव्हा त्याची खरी गरज पडेल.

रानवारा: मान्य! ताई, फुलं होऊन गेली की मला दोन-तीन पेरांचा तुकडा ठेवाल का? कापायचा नाही, सांध्यात पिळून काढायचा. एक-दोन दिवस सावलीत जखम सुकली की लावता येतो. मी होटगी रोडला असतो, येऊन घेऊन जाईन.

धागाकर्ती: टोपली हलवली. रानवारा, तुकडा नक्की, फेब्रुवारीत व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.