पोस्टरसाठी छायाचित्र किती मोठे छापता येईल?

प्रश्न: माझ्याजवळ ६००० × ४००० पिक्सेलचे छायाचित्र असून ते ए१ आकारात, म्हणजे ५९४ × ८४१ मिलिमीटरमध्ये, छापून भिंतीवर लावायचे आहे, परंतु ३०० डीपीआय (छपाईत दर इंचामागे येणारे पिक्सेल) हवेच, असे सर्वत्र वाचल्यामुळे शंका वाटते. ए२वरच थांबावे का?

उत्तर १: ए१ची रुंदी सुमारे २३.४ इंच असल्याने ४००० पिक्सेलना तिने भागल्यास इंचामागे साधारण १७० पिक्सेल मिळतात. ३००चा आग्रह हातात धरून पाहायच्या छपाईसाठी योग्य आहे. भिंतीवरचे चित्र दीड-दोन मीटरवरून पाहिले जाते, तेथे १५०देखील पुरतात. ए१ निःशंकपणे निवडावा. फाइलमधील डीपीआयचा आकडा नुसता बदलून ३०० केल्याने तपशील वाढत नाही, हेही ध्यानात असावे.

उत्तर २: सहमत. पोस्टरवर मजकूर असल्यास मात्र तो व्हेक्टर स्वरूपातच, म्हणजे पिक्सेलऐवजी रेषा-आकारांच्या रूपात, ठेवावा; तसा तो मोठा केला तरी धूसर होत नाही.

उत्तर ३: प्रमाणाचा मुद्दा राहिला, आणि माझ्या मते तोच अधिक महत्त्वाचा आहे. आपले छायाचित्र ३:२ प्रमाणात आहे, तर ए मालिकेचा कागद सुमारे १.४१:१, त्यामुळे संपूर्ण कागद भरायचा असल्यास लांब बाजूचे सुमारे ३४० पिक्सेल कापले जातील. कडेला महत्त्वाचे काही असल्यास पांढरी चौकट सोडावी.

प्रश्नकर्ता: कडेला चेहरा असल्याने चौकट सोडून ए१च छापतो.