डब्ल्यूजीएम (वुमन ग्रँडमास्टर) हा किताब हवाच कशाला?

अडीचघर: दिव्या देशमुखने जॉर्जियात बातुमीला बुद्धिबळाचा महिला वर्ल्ड कप जिंकून जीएम (ग्रँडमास्टर) किताब मिळवला त्याचे पेढे कधीच संपले, पण काल क्लासबाहेर पालकांमध्ये परत वाद झाला म्हणून लिहितोय. माझं मत, बायकांचे वेगळे किताब बंद करा. जीएमला २५०० रेटिंग आणि डब्ल्यूजीएमला २३००, म्हणजे साध्या एफएमएवढंच (फिडे मास्टर, खालचा किताब), पण नाव ग्रँडमास्टर. पोरगी लहान वयात तिथे पोचते, शाल-श्रीफळ होतं, आणि तिथेच थांबते. पटावर काय वजन उचलायचंय का, की दोन मोजपट्ट्या लागतात?

चेकमेट_आई: एफएमला नॉर्म (एखाद्या स्पर्धेत ठरलेल्या पातळीचा खेळ) लागत नाही हो, नुसतं रेटिंग. डब्ल्यूजीएमला तीन नॉर्म लागतात आणि प्रत्येक नॉर्मला २४०० चा परफॉर्मन्स, ते कोणी फुकट देत नाही. माझी मुलगी १२ वर्षांची, परवाच्या ओपनमध्ये (मुलं-मुली एकत्र) पूर्ण हॉलमध्ये मोजून सहा मुली, आणि समोरचा मुलगा हरला तर त्याचे वडील बाहेर त्याला ओरडतात काय तर "मुलीकडून हरलास?" शिवाय मुलगा सोळाचा झाला की एकटा ट्रेनने जातो, मुलीबरोबर मला रजा काढून जावं लागतं, दोघींचं तिकीट, दोघींचं हॉटेल. पुढची पायरी जवळ दिसली नाही तर घरचेच म्हणतात बास झालं आता.

तटस्थ_उंट: पण दिव्याचंच बघा ना, जीएमचा एकही नॉर्म नव्हता, स्पर्धा जिंकली आणि थेट किताब. वैशालीने २०२३ ला २५०० गाठून नॉर्म पूर्ण करून घेतला, फरक आहे की नाही?

संत्रानगरी: का बे भाऊ, शॉर्टकट म्हणतो का याला? झू जिनर, हरिका, तान झोंगयी आणि फायनलला हंपी, चौघींना हरवलं तिनं! अन् मुलांचा वर्ल्ड ज्युनियर (वीस वर्षांखालची जागतिक स्पर्धा) जिंकला तर तिथंही जीएम थेटच भेटतो, तेव्हा कोणी नॉर्म नाही मोजत.

अडीचघर: अरे हाच तर माझा मुद्दा!! त्याच वर्ल्ड ज्युनियरच्या मुलींच्या गटात पहिली आलात तर मिळतो डब्ल्यूजीएम. दिव्या २०२४ ला गांधीनगरला ती स्पर्धा जिंकली, त्याने जीएम नाही झाली. वेगळा गट आला की किताबही खालचाच. ८८ भारतीय जीएम झाले तेव्हा त्यात बायका चार, हंपी, हरिका, वैशाली, दिव्या. हंगेरीची ज्युडिट पोल्गार बहुतेक मुलांमध्येच खेळत राहिली आणि १९९१ ला पंधराव्या वर्षी जीएम झाली.

जुना_वजीर: आमच्या मुंबईची रोहिणी खाडिलकर १९७६ लाच पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळली होती, तेराव्या वर्षी. केवढा गदारोळ झाला, शेवटी फिडेचे, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेचे, अध्यक्ष मॅक्स युवेंना सांगावं लागलं की बायकांना अडवता येणार नाही. दार तेव्हाच उघडलंय.

चेकमेट_आई: काका, खाडिलकरांकडे घरातच तिघी बहिणी खेळणाऱ्या. आमच्या सोसायटीत हिच्याशी खेळायला मी, आणि मला अजून एंडगेम येत नाही 😅 बरं ते जाऊदे, पुढच्या महिन्यात ओपन आणि गर्ल्स एकाच तारखांना आलेत, एन्ट्रीची उद्या शेवटची तारीख. काय भरू?

अडीचघर: ओपन. विचारायचं काय त्यात.

संत्रानगरी: ओपनच भरा ताई. पण गर्ल्सचं पहिलं बक्षीस किती आहे?